विनोदातील उपेक्षित सोबती

बारामतीत उभे राहून बारामतीकरांना मोरोपंतांची ओळख करून द्यावी, एवढे धाडस आमच्या अंगी नाही. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले पंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला येथे आले, पुराण सांगत राहिले आणि १७९४ साली येथेच वारले. सगळे महाभारत त्यांनी आर्यांत आणले. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही त्या भारतातल्या विराटपर्वापासून करणार आहोत, आणि आपली नातवंडे जेवताना जी हलती चित्रे पाहतात त्यांच्यापर्यंत येणार आहोत. अंतर मोठे आहे. पण रस्ता एकच आहे. विनोदी कथेत मुख्य माणसाच्या मागे एक सोबती असतो. पडणे, आपटणे, फजित होणे ही कामे त्याच्याकडे असतात. लोक हसतात ते त्याच्यामुळे. या सोबत्याच्या पदरात कथेने काय टाकले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने हा नसता उद्योग का करावा, असे कोणी विचारील. आमचे उभे आयुष्य हजेरीपट आणि पगारपत्रक तपासण्यात गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, पाळी संपल्यावर. कोणी किती राबले आणि त्याला काय मिळाले, हे पाहण्याची डोळ्यांना सवय लागली ती नाटक वाचतानाही सुटत नाही.

विराटपर्वातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिलेले. राजा एका दिशेला त्रिगर्तांशी लढायला गेलेला असता कौरव दुसऱ्या दिशेने येऊन गाई वळवतात. गवळ्यांचा मुख्य धावत राजवाड्यात येतो. घरात राजपुत्र उत्तर तेवढा असतो. तो बायकांपुढे छाती फुगवून सांगतो की, चांगला सारथी मिळाला तर कौरवांना आत्ता धूळ चारतो. सारथी मिळतो तो बृहन्नडा, म्हणजे वेष पालटलेला अर्जुन. पुढे सैन्याचा समुद्र दिसताच उत्तराची गाळण उडते. तो रथातून उडी टाकून पळत सुटतो आणि अर्जुन वेणी उडवीत त्याच्यामागे धावतो. कथेकरी येथे क्षणभर थांबतात, मंडप हसतो, आणि उत्तर जन्माचा भित्रा ठरतो.

पण व्यासांची गोष्ट येथे थांबत नाही. शमीच्या झाडावर चढून शस्त्रांचे गाठोडे खाली कोणी काढले? उत्तराने. त्या झाडावर प्रेत बांधले आहे असे लोक समजत होते, आणि त्याला हात लावायला तो कचरत होता, तरीही चढला. मग भीष्म, द्रोण, कर्ण, कृप, अश्वत्थामा यांच्यासमोर अर्जुनाचा रथ कोणी हाकला? तोही उत्तरानेच. ज्याच्या हाती लगाम असतो तो बाणांच्या तोंडाशी सर्वांत पुढे बसतो, हे बैलगाडी हाकणाऱ्यालाही सांगावे लागत नाही. लढाई जिंकल्यावर अर्जुनाने त्याला मुभा दिली होती की, हा जय तुझाच म्हणून सांग. घरी बाप आनंदाने वेडा झालेला, नगर शृंगारलेले. आणि हा मुलगा भर सभेत म्हणाला की, गाई मी सोडवल्या नाहीत, एका देवपुत्राने सोडवल्या. बढाईखोर म्हणून ज्याची ख्याती, त्याला आयती बढाई मिळाली होती आणि ती त्याने परत केली. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवर बसून शल्यावर चालून गेला, त्याच्या रथाचे चारही घोडे मारले, आणि शल्याच्या शक्तीने मेला.

आम्ही कथाकीर्तने पुष्कळ ऐकली. त्यांत उत्तराचे पळणे दरवेळी ऐकले, पडणे एकदाही ऐकले नाही. व्यासांकडे याचा दोष नाही. त्यांनी दोन्ही लिहिले. ऐकणाऱ्यांनी अर्धे ठेवले आणि अर्धे सांडले. एखाद्याला आपण हसण्यासाठी नेमला की त्याच्या मरणाची नोंद ठेवणे आपल्याला जड जाते. हा एक धागा हाती धरला, तर विनोदाच्या इतिहासातल्या बऱ्याच गाठी सुटतात.

संस्कृत रंगभूमीवर या सोबत्याला विदूषक म्हणत. राजाचा मित्र, खादाड, बोलघेवडा, जातीने बहुधा ब्राह्मण. या विदूषकांत आमचे मन ज्याच्यावर बसले तो शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला मैत्रेय. देवलांनी हे नाटक मराठीत आणले, त्यामुळे आपल्या आजोबापणजोबांनी ते पाहिलेले आहे. चारुदत्त श्रीमंत होता तेव्हा मैत्रेय त्याच्या घरी चांगलेचुंगले खात असे. चारुदत्त गरीब झाला, बाकीचे मित्र पांगले, मैत्रेय राहिला. वसंतसेनेची ठेव म्हणून ठेवलेले दागिने रात्री उराशी घेऊन झोपण्याचे काम त्याच्याकडे. ते चोरीला जातात तेही झोपेत त्याच्याच हातून. पुढे वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर येतो, मैत्रेय संतापून न्यायसभेत शकारावर धावून जातो, झटापट होते, आणि त्याच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार घरंगळून खाली पडतात. मित्राला सोडवायला गेलेल्याने मित्राचा गळा फासात अडकवला. याहून दुर्दैवी सोबती आम्हांला माहीत नाही.

आता नाटकाचा शेवट पाहा. शूद्रक हा आमच्या मते जुन्या नाटककारांत सर्वांत चोख हिशेबनीस. स्थावरक नावाचा शकाराचा दास आहे. धन्याने वसंतसेनेला मारायला सांगितले असता त्याने साफ नकार दिला, मार खाल्ला, बेडीत पडला, आणि साक्ष देण्यासाठी बेडीसकट वाड्यावरून खाली उडी टाकली. शेवटी तो दास्यातून मुक्त होतो. ज्या भिक्षूने वसंतसेनेला वाचवले त्याला सगळ्या विहारांचे प्रमुखपद मिळते. चंदनक नावाचा शिपाई वरच्या हुद्द्यावर चढतो. फार काय, चारुदत्ताला सुळाकडे नेणारे दोघे चांडाळ, त्यांनाही त्यांच्या जमातीचे मुख्य केले जाते. एवढे सगळे वाटप होते. मैत्रेयाचे नाव यादीत नाही. ज्याने दासाची बेडी विसरली नाही, त्याने विदूषक विसरावा, याचे आम्हांला अजून नवल वाटते. बहुधा शूद्रकाला वाटले असेल की, हा घरचाच आहे, याला काय द्यायचे? घरच्या माणसाची मजुरी बुडते ती अशीच.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हाही सूत्रधाराच्या पाठोपाठ विदूषक होताच. पण आपल्या भागातल्या माणसाने विदूषक पाहिला तो तमाशात, आणि तेथे आम्हांला जरा थांबले पाहिजे.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरतात आणि मग फडाच्या गाड्या वाटेला लागतात. गण झाला की गवळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला दूधदही घेऊन निघालेल्या, कृष्ण त्यांना अडवून दाण मागतो. दाण म्हणजे जकात. कष्टाच्या मालावर वाटेत बसून घेतलेला वाटा आपण शेकडो वर्षे शृंगार म्हणून ऐकत आलो, हे जाता जाता नोंदवतो. या गवळणींच्या पुढे मावशी असते. मावशीचे काम पुरुष करतो. पदर सावरीत, कंबर वाकवीत, म्हातारपणीही ठसका दाखवीत. कृष्णाच्या बाजूला पेंद्या असतो, लंगडा आणि बोबडा. सगळी गवळण या दोघांच्या खांद्यावर उभी असते. म्हातारीने तरुणपणा केला म्हणून हसायचे, लंगड्याला पळता येत नाही म्हणून हसायचे. कृष्ण बोलायचे ते आधीच ठरलेले असते. मावशी आणि पेंद्या आयत्या वेळी बोलतात, म्हणजे रोज नवे काम करतात.

याच पेंद्याला दुसऱ्या एका परंपरेने कसे वागवले, तेही आपल्या रस्त्यावरच पाहायला मिळते. तुकोबारायांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरीला जाते. वारकऱ्यांच्या गोपाळकाल्याच्या अभंगांत पेंद्या आहे. तेथेही तो वाकडाच आहे, बोबडाच आहे. पण सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या जातात तेव्हा त्याची शिदोरीही त्यात असते, आणि तो पंक्तीला असतो. काल्यात पेंद्याला घास मिळतो. फडावर त्याला फक्त हशा मिळतो. विनोद दोन्हीकडे आहे.

वगात सोंगाड्या येतो. राजाला तोंडावर टोचून बोलण्याचा परवाना एकट्या त्याच्याकडे. प्रधान लांबलचक बोलतो, सोंगाड्या त्याच्या शब्दाचा दुसरा अर्थ काढतो आणि सिंहासनाची हवा निघून जाते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात दोन हवालदार उभे केले आणि लोक त्या हवालदारांसाठी कोसांवरून येऊ लागले. दादू इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांना तो कधी विसरता आला नाही, १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण हे मोजके. बहुतेक सोंगाड्ये गावकुसाबाहेरच्या जातींतले. रात्रभर पाटलाला पाटलाच्या समोर हसवायचे आणि सकाळी त्याच पाटलाच्या ओट्यापासून लांब उभे राहायचे. परवाना कनातीपुरता होता.

फडातले कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतात. ऊसतोडणीचा मजूर मुकादमाकडून घेतो तीही उचलच. १९३४ साली इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले आणि आपला मुलूख उसाचा झाला. मराठवाड्यातून टोळ्या येऊ लागल्या. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहितात. दोन माणसे, नोंद एक. आम्ही ही वही प्रथम पाहिली तेव्हा आम्हांला गवळणीतली मावशी आठवली. तिच्यावाचून खेळ उभा राहत नाही आणि तिला नावही नाही. कोणाची मावशी, एवढेदेखील कोणी विचारीत नाही.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा अण्णा भाऊंनी तमाशाचा साचाच बदलला. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आणि राबणारी माणसे आणली, गवळण गाळून टाकली. आजवर वगात ज्यांची खिल्ली होत असे तो शेतकरी आणि मजूर मधोमध उभा राहिला. हे काम मोठे आहे. परंतु आपल्या चळवळीतल्या माणसाने केले म्हणून सगळेच वाखाणावे, असे आमचे मत नाही. गवळण गेली तिच्याबरोबर मावशी आणि पेंद्याही गेले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कामावरून कमी करणे हा न्याय नव्हे. सोंगाड्याचे दिवस मात्र पालटले. १९७१ साली दादा कोंडक्यांनी चित्रपट काढला त्याचे नावच ‘सोंगाड्या’. मागे उभा राहणारा शीर्षकात आला, आणि थिएटरे भरली.

आता राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’कडे वळू. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी गंधर्व मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टातल्या अपमानाने पोळलेला असताना त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला पेला देतो, आणि एका घराची राखरांगोळी होते. तळीराम हे विनोदी पात्र. ‘आर्य मदिरा मंडळ’ त्याचे. दारूच्या बाजूने तो असे काही युक्तिवाद करतो की प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळते. नाटक एवढे काळे आहे की तळीराम नसता तर ते शेवटपर्यंत बघवले नसते.

दोघेही पितात आणि दोघेही मरतात. पण दोन मरणांतला फरक पाहा. तळीराम खाटेवर पडतो तेव्हा त्याच्याभोवती वैद्य आणि डॉक्टर यांची हमरीतुमरी लागते. दोघांच्या शास्त्रांची थट्टा होते, मंडळाचे सभासद पेल्यांसह जमतात, आणि रोगी मधल्या मध्ये कामास येतो. हा प्रवेश हशाचा आहे. सुधाकर मरतो तेव्हा सिंधूचे प्रेत समोर असते, पेल्यात विष असते, आणि नाट्यगृहात हुंदके. व्यसन एकच, यकृत एकच, चिता मात्र दोन प्रकारच्या. गडकऱ्यांना माणसाचे काळीज कळत नव्हते, असे कोण म्हणेल? पण तळीराम कोठून आला, त्याला पहिला पेला कोणी दिला, हे सांगण्याची गरज त्यांना भासली नाही. धन्याच्या अधःपाताला कारण हवे; कारकुनाच्या अधःपाताला नको, तो मुळातच तसा. त्याची बायको गीता हिचेही तेच. नवरा दारुडा असण्याचे दुःख सिंधूला आहे तसे तिलाही आहे; पण सिंधूच्या वाट्याला बालगंधर्वांचा गळा आला आणि गीतेच्या वाट्याला फटकळपणा.

यापुढची गोष्ट नाटकाबाहेर घडली. तळीराम हे मराठीत सामान्यनाम झाले. दर ३१ डिसेंबरला वर्तमानपत्रे तळीरामांवर पोलिसांची नजर असल्याचे छापतात. सुधाकर हे नाव मात्र आपण मुलांना आनंदाने ठेवतो. दोघांनी मिळून ढोसलेल्या दारूची सगळी बदनामी एकट्या कारकुनाच्या नावावर चढवली गेली.

नावावरून एक प्रसंग सांगावासा वाटतो. कारखाना कोणता ते सांगत नाही. बॉयलरवर एक धिप्पाड गडी होता. सगळी पाळी त्याला पैलवान म्हणे. तो पडला की हसत, तो जेवला की हसत, आणि तोही हसे. एका रात्री वाफेचा नळ फुटून तो गेला. मजुराच्या मरणाचा हिशेब करणारा नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याखाली अर्ज करायला आम्ही बसलो. बरोबर काम करणाऱ्या अकरा जणांपैकी एकालाही त्याचे पूर्ण नाव सांगता येईना. त्याच्या गमती मात्र अकराही जणांना पाठ होत्या.

शरीराने दणकट माणूस विनोदाला फार सोयीचा असतो. मराठीत त्याचा नमुना म्हणजे चिं. वि. जोशांचा गुंड्याभाऊ. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे विद्वान, बडोद्यास प्राध्यापक. आणि त्यांनी निर्माण केला तो चिमणराव, पुण्यातला किरकोळ अंगाचा, भित्रा, भाबडा कारकून. गुंड्याभाऊ त्याचा मावसभाऊ. आडदांड, सडाफटिंग, सरळ, आणि प्रत्येक लचांडात चिमणरावाबरोबर. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथा चिमणराव सांगतो. लेखणी कारकुनाच्या हाती आहे, त्यामुळे गुंड्याभाऊ आपल्यापर्यंत येतो तो नेहमी चिमणरावाच्या शाईतून. पण जोशांची लेखणी दुष्ट नाही. चिमणराव गुंड्याभाऊला हसतो त्याहून जास्त आपण चिमणरावाला हसतो. अडचणीच्या वेळी पुढे कोण होतो हेही जोशी लपवत नाहीत. १९४० साली विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची मालिका आली, तिचे नाव ‘चिमणराव गुंड्याभाऊ’. शंभर सोबत्यांत एखाद्यालाच असे पाटीवर जोडीने नाव मिळते. त्या दिवसांत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यावर सगळी आळी, आणि पाटी आली की पोरे ओरडत ती गुंड्याभाऊच्या नावाने.

आता हलत्या चित्रांच्या विनोदी मालिका. आमच्या पिढीला ही करमणूक पोरकट वाटते. पण आमच्या एका भाच्याने मोबाइलवर त्यातल्या काही दाखवल्या, आणि आम्हांला तेथे सगळी जुनी मंडळी भेटली. अमेरिकेत १९९७ साली ‘साउथ पार्क’ नावाची मालिका सुरू झाली. चार शाळकरी पोरे. त्यांतला केनी गरिबाघरचा. अंगरख्याची टोपी तोंडावर इतकी आवळलेली की त्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही. पहिली पाच वर्षे हा मुलगा जवळजवळ प्रत्येक भागात मरतो. गाडीखाली, यंत्राखाली, कशाखालीही. मित्र ठरलेली आरोळी ठोकतात आणि पुढच्या क्षणाला विसरतात. पुढच्या भागात तो पुन्हा उभा असतो, पुन्हा मरायला. चौघांपैकी मरायची पाळी नेहमी गरिबाच्याच पोरावर का, हा प्रश्न लेखकांनी मुद्दाम उभा केला की सहज उभा राहिला, यावर वाद घालता येईल. २००१ च्या डिसेंबरात मात्र त्यांनी एक भाग केला, त्यात केनी दवाखान्यात आजाराने मरतो आणि मित्र खरोखर शोक करतात. इतक्या मरणांनंतर पहिल्यांदा त्याचे सुतक पाळले गेले. वर्षभराने तो परत आला.

याच १९९७ सालच्या मे महिन्यात ‘द सिम्पसन्स’ या मालिकेत फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस एका भागापुरता आला. मालिकेचा नायक होमर हा अणुवीज केंद्रातला आळशी, झोपाळू कामगार. त्याच्यावर जग प्रसन्न. फ्रँकला चार वर्षांचा असताना आईबापांनी टाकले. शाळेत जायच्या वयात तो श्रीमंतांच्या मुलांची खेळणी पोचवीत असे. अठराव्या वर्षी एका स्फोटात जायबंदी झाला. टपालाने धडे मागवून त्याने अणुशास्त्राची पदवी मिळवली. (येथे आमची सहानुभूती कोणीकडे गेली, हे वाचकांनी समजून घ्यावे.) नोकरीवर तो होमरशेजारी येतो. होमर चुकून तेजाबाचे पात्र तोंडाला लावणार, एवढ्यात फ्रँक ते हातातून उडवतो. तेजाब भिंतीवर पडून भिंत विरघळते, नेमका तेव्हाच मालक येतो, आणि फ्रँकचा पगार कापला जातो. सोबत्याचा जीव वाचवला म्हणून पगारकपात! असली नोटीस आमच्या हाती आली असती तर आम्ही ती फलकावर डकवली असती. शेवटी हा माणूस वेडा होतो, होमरची नक्कल करत सुटतो, आपल्याला सुरक्षेचे हातमोजे लागत नाहीत असे म्हणत विजेच्या तारा धरतो आणि मरतो. अंत्यविधीला पाद्री त्याला एका तिरकस टोपणनावाने पुकारतो आणि ते नाव त्याला आवडत असे, म्हणून सांगतो. ते नाव होमरने पाडलेले. होमर तेथेही झोपलेला. झोपेत काही बरळतो आणि जमलेले सगळे हसतात. शवपेटी खाली जाते ती त्या हशात.

हा भाग करणाऱ्यांनी अन्याय झाकलेला नाही. उघड्यावर मांडलेला आहे. तळीरामाच्या खाटेपाशी आपण नकळत हसतो. फ्रँकच्या कबरीपाशी हसू ओठांवरच थिजते. हत्यार एकच, पण धार कोणत्या बाजूला, हा फरक आम्हांला मोठा वाटतो.

आपल्याकडे २००८ पासून हैदराबादच्या मंडळींनी केलेला ‘छोटा भीम’ घरोघर आहे. भीम हा ढोलकपूरचा बलवान मुलगा, लाडवांचा शौकीन. त्याच्यासमोर कालिया. भीमासारखाच दणकट, भीमासारखाच खादाड. पण भीमाची भूक कौतुकाची आणि कालियाची हावरेपणाची. भीमाचे बळ पराक्रम आणि कालियाचे दांडगाई. त्याच्यामागे ढोलू आणि भोलू हे जुळे भाऊ हिंडतात. प्रत्येक शर्यत कालिया हरतो, प्रत्येक डाव त्याच्यावर उलटतो, आणि नाव ठेवताना कर्त्यांना कातडीच्या रंगापलीकडे काही सुचले नाही. मूळ भारतातला भीम स्वतःच विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबला होता, आणि सोबत्याचे जिणे काय असते हे त्याने वर्षभर भोगले होते, याची आठवण ढोलकपुरात कोणाला नाही.

आमच्या वस्तीजवळच्या शाळेत एका जाडसर, सावळ्या मुलाला सगळी पोरे कालिया म्हणतात. हजेरी घेताना मास्तर त्याचे खरे नाव उच्चारतात, तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटते.